लुआंग्वा व्हाया खांडस

ठरलं होतं आफ्रिका. गेलो कर्जतला!

हसू नका. तुमच्या ऑफिसातही एक तरी ग्रुप असणारच, ज्याची लडाखची बाइक ट्रिप शेवटी लोणावळ्याच्या चिक्कीवर संपते. आमचं जरा वेगळं झालं, म्हणून सांगतेय.

२०२४ चा जानेवारी. कॅन्टीनमध्ये आम्ही चौघं. मी, माझी रूममेट, आमचा एक्सेलसम्राट (आडनावाने त्याला कुणीच ओळखत नाही) आणि ज्याला जुलैत डब्लिनला जॉइन व्हायचं होतं तो डब्लिनकर. कॉलेजपासूनची चौकडी. फुटण्याआधी शेवटची एक ट्रिप हवी होती. गोवा नको, थायलंड तर नकोच. म्हातारपणी नातवंडांना सांगता येईल असं काहीतरी सॉलिड पाहिजे. आदल्या रात्री डब्लिनकराने टीव्हीवर एक नदी पाहिली होती. तो म्हणाला, ‘लुआंग्वा!’

झांबियात ही नदी आहे. वाहत जाऊन जांबेझीला मिळते. तिच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, त्यामुळे दर पावसाळ्यात ती आपल्या मर्जीने वळणं बदलते आणि जुनं वळण मागे तळं होऊन राहतं. त्यात पाणघोडे आणि मगरी. जून ते ऑक्टोबर कोरडा मोसम, तेव्हा सगळं जंगल पाण्यासाठी नदीकाठी येतं. नोव्हेंबरात पाऊस लागला की काळ्या मातीचा असा चिखल होतो की आतले बरेच कॅम्प बंदच करून ठेवतात.

पण आम्हाला वेड लावलं ते तिथल्या पायी सफारीने. जीपबीप नाही, चालायचं! एका रांगेत, बोलायचं नाही, पुढे बंदूकवाला स्काउट आणि गाइड. गाइड ‘थांब’ म्हणाला की थांबायचं, ‘मागे फिर’ म्हणाला की फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही. हा प्रकार तिथे रुजवला नॉर्मन कार नावाच्या माणसाने. १९५० मध्ये त्याने एन्सेफू या स्थानिक मुखियाला सोबत घेऊन पाहुण्यांसाठी कॅम्प काढला, आणि त्याचे पैसे तिथल्या लोकांना मिळतील अशी सोय केली. प्राणी मारून नाही, दाखवून गावाचं पोट भरू शकतं, हा त्याचा फंडा. त्या काळात हे वेडेपणाचंच वाटलं असणार.

मग एक्सेलसम्राटाने शीट उघडली. नैरोबीमार्गे विमान, म्हणजे पिवळ्या तापाची लस आली, आणि ती किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची. आतल्या छोट्या विमानात साधारण १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. निळे-काळे कपडे नकोत, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते. गाइडला टिप, माणशी दिवसाला १० डॉलर. हे सगळं आम्ही इतक्या भक्तिभावाने भरत होतो की अप्रेझलचा फॉर्मही कधी तसा भरला नसेल. मग त्याने खाली बेरीज केली. माणशी साडेचार लाखांच्या पुढे! रूममेटचा होम लोन नुकताच सुरू झाला होता. कुणी काही बोललं नाही. शीट मिटली.

एप्रिलमध्ये मीच ती पुन्हा उघडली. म्हटलं, रकाने तेच ठेवू. नदी, मोसम, प्राणी, गाइड, धोका. फक्त जागा बदलू. वर टाइप केलं, ‘कर्जत’.

‘कर्जत?’ रूममेट किंचाळली. ‘तिथे पूल पार्टी असते गं, सफारी कसली!’

तिचं चुकलं नाही. आपल्यासाठी कर्जत म्हणजे घाट चढायला मागे जादा इंजिन लागेपर्यंत खाल्लेला वडापाव. किंवा कुणाच्या तरी बॉसचं फार्महाऊस. पण रकाने भरायला बसले आणि चकितच झाले.

नदीच घ्या. कर्जतची उल्हास भर मे महिन्यात वाहते. सह्याद्रीतली नदी, चार महिन्यांच्या पावसावर जगणारी, मे मध्ये कोरडी ठणठणीत पडायला हवी. पण घाटावर टाटांची धरणं आहेत. ते पाणी खरं तर पूर्वेला, भीमेकडे, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. ते पाइपातून पश्चिमेला खाली सोडलं, त्यावर वीज केली. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. वीज करून झाली की खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं आणि भिवपुरीचं उल्हासला. खालापूर आणि कर्जत, दोन्ही तालुक्यांच्या नद्या उन्हाळ्यात वाहतात त्या घाटमाथ्यावर आदल्या वर्षी पडलेल्या पावसावर! बोत्स्वानातल्या ओकावांगोला असाच पूर येतो, ऐन कोरड्या मोसमात, कारण ते पाणी दूर अंगोलाच्या डोंगरातून महिनोन्महिने चालत आलेलं असतं. तो पूर बघायला जग विमानाने जातं. आणि आपण भिवपुरीवरून लोकलने जातो, मोबाइलमध्ये मान घालून.

प्राण्यांचा रकाना भरताना एक्सेलसम्राट म्हणाला, ‘कुत्रा, मांजर, शेळी.’ त्याला भीमाशंकर अभयारण्य दाखवलं. १९८५ साली जाहीर झालेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. आपण जातो मंचरकडून, गाडीने, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. पण त्याची पश्चिमेची कड थेट कर्जत तालुक्यावर उतरते. पायथ्याला खांडस गाव. तिथून वर जायला दोन वाटा. एक शिडी घाटाची, नावातच सगळं आलं. दुसरी गणेश घाटाची, लांब पण सोपी. वर शेकरू. आपला राज्यप्राणी, आणि आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? शेपटीसकट जवळपास तीन फुटांची खार, तांबूस-तपकिरी, झाडावरून झाडावर वीसेक फुटांची उडी मारणारी. जमिनीवर क्वचितच उतरते. एकाच शेकरूची घरटी चार-पाच असतात, म्हणजे घरटं दिसलं तरी बाई घरात असतीलच असं नाही. शिवाय भेकर, सांबर, आणि बिबट्या. तो आपल्याला बघतो, आपण त्याला नाही.

मोसमाच्या रकान्यात मात्र आम्ही चुकलो. चालायला आणि शेकरू बघायला चांगला काळ दिवाळीपासून पुढचा. पण डब्लिनकर जुलैत उडणार. आणि आम्हाला काजवेही हवे होते. काजवे येतात मेच्या शेवटी, पहिल्या सरींच्या आगेमागे, आणि पावसाने जोर धरला की संपतात. जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा खेळ. म्हणून १५ आणि १६ जून ठरवले. एकाच ट्रिपमध्ये रात्री काजवे, सकाळी घाट. हावरटपणा, दुसरं काय. लुआंग्वासाठी कुठल्या आठवड्यात पाऊस लागतो हे आम्ही महिनाभर तपासलं होतं. कर्जतसाठी कुणीच तपासलं नाही. घरचंच तर आहे!

गाइडचं काम माझ्याकडे होतं. एका ट्रेकर मित्राने खांडसजवळच्या वाडीतल्या एकाचा नंबर दिला. पन्नाशीपुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. रात्री काजवे, सकाळी वर नेऊन आणणं, राहायची जागा त्यांच्या अंगणात. सगळे मिळून १५०० सांगितले.

मी म्हटलं, ‘मामा, जास्त होतात. हजार करा.’

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, ‘बरं ताई. या तुमी.’

फोन ठेवून मी ग्रुपवर टाकलं, पाचशे वाचवले! तिघांनी अंगठे दिले. त्याच शीटच्या शेजारच्या पानावर अजून ती ओळ होती. गाइडला टिप, माणशी दिवसाला १० डॉलर. चौघांचे दिवसाचे ४०, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. ते लिहिताना कुणाला घासाघीस सुचली नव्हती.

शनिवारी दुपारी पनवेलहून निघालो. जुन्या हायवेने चौक, तिथून डावीकडे कर्जत. चौकच्या आसपास खालापूर तालुका सुरू होतो आणि इर्शाळगडाचा सुळका दिसायला लागतो, त्यातल्या नेढ्यासकट. गाडीत गाणी जोरात होती. कुणीतरी आवाज कमी केला. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगराची दरड इर्शाळवाडीवर आली. २७ जणांचे मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. एक्सेलसम्राट २०१९ मध्ये या गडावर गेला होता. तेव्हा वाडीतल्या एका घरात पिठलं-भाकरी खाल्ली होती. ‘कितीला, ते आठवतंय मला,’ तो म्हणाला. ‘साठ रुपये. बाईंचं नाव विचारलं नव्हतं.’ पुढे मोरबे धरणाचा फाटा गेला, ज्याचं पाणी नवी मुंबईत माझ्या बाथरूमच्या नळाला येतं. कर्जत येईपर्यंत गाणी लागली नाहीत.

कर्जत, कशेळे, मग खांडस. मामा रस्त्यावरच उभे होते. किरकोळ अंगाचे, डोक्याला टॉवेल, हातात कोयता. मामींनी शेवळाची भाजी केली होती. ही जूनचीच चीज. पाऊस पडला की जंगलात उगवणारा कोंब, काकडाची आंबट फळं घालून शिजवतात, नाहीतर घसा जाम खाजतो. दादरला भाजीवालीच्या टोपलीत बघून आपण पुढे जातो ती हीच. सोबत तांदळाची भाकरी. रूममेटने तीन खाल्ल्या. एरवी ती कार्ब्स मोजते.

साडेआठला मामांनी टॉर्च गोळा केले. मोबाइलसुद्धा. ‘उजेड दिसला का ते गप होतात,’ म्हणाले. खरंच आहे ते. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद, आपला टॉर्च मध्ये आला की संभाषण तुटतं. गावाबाहेर दहा मिनिटं चाललो. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. आधी एक, मग पाच-सहा. मग मामांनी माझा खांदा धरून जरा वळवलं आणि समोरचा ऐन पूर्ण पेटलेला. खोडापासून शेंड्यापर्यंत! आणि ते सगळे एकदम विझायचे, एकदम लागायचे. कुणीतरी मेन स्विचवर बसल्यासारखे. एक फोटो नाही आमच्याकडे त्याचा. डब्लिनकर, ज्याच्या तोंडाला दिवसभर कुलूप नसतं, अर्धा तास बोलला नाही. परत येताना एवढंच म्हणाला, ‘तिथे हे नसणार यार.’ तिथे म्हणजे झांबिया की डब्लिन, मी विचारलं नाही.

सकाळी सहाला निघालो. एका रांगेत, मामा पुढे. अगदी शीटमध्ये लिहिल्यासारखं! आभाळ भरलेलं पण पाऊस नव्हता. खालच्या झाडीत कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, शाळा बुडवलेलं पोरगं वाजवेल तशी, सुराला लागता लागता भरकटणारी. शीळकरी कस्तूर. पाऊस आला की तो असा गातो. मामा थांबत, बोट दाखवत, पुढे जात. वाटेवर वाळलेली विष्ठा, तिच्यात केस. ‘बिबट्या. चार दिस झाले.’ एका उंच झाडाच्या फांदीच्या टोकाला पानाकाटक्यांचा मोठा गोळा. शेकरूचं घरटं. आम्ही वीस मिनिटं माना मोडून उभे. बाई घरी नव्हत्या. थोडं वर गेल्यावर दूर कुठेतरी खटखट-खटखट असा आवाज झाला. मामा म्हणाले, तोच तो. पुढे आहे.

गणपतीच्या छोट्या देवळापाशी बिस्किटं खाल्ली, पुढे निघालो. साडेआठच्या सुमाराला पाऊस आला. आमच्यावर तर नुसता शिडकावा. मग एक ओढा. घोट्याच्या वर पाणी, स्वच्छ, तळातले दगड दिसत होते. पलीकडे वाट चढत होती आणि खटखट आता तिकडूनच येत होती, जवळून.

मामा काठावर बसले. पाण्यालगतच्या एका दगडाकडे बघत. आम्हाला वाटलं, बिडी ओढायची असेल. दोन मिनिटांनी तो दगड पाण्याखाली गेला. पाण्यावर ओली पानं आणि काटक्या यायला लागल्या. मग पाण्याचा रंग बदलला, दूध घालायच्या आधीच्या चहासारखा.

‘फिरा,’ मामा उठत म्हणाले. ‘वर जोरात पडलाय.’

डब्लिनकर म्हणाला, ‘मामा, एवढंसं पाणी आहे! दोन उड्या मारल्या की पार.’

‘जाल तुमी. येनार कसे?’

‘तासाभरात परत येऊ. शेकरू तिथेच आहे, ऐकताय ना?’

मामा काही बोलले नाहीत. तेव्हा डब्लिनकर ते बोलला, ज्याची त्याला आजही लाज वाटते. ‘वरपर्यंत न्यायचं ठरलं होतं. पैसे त्याचे दिलेत आम्ही.’

मी खाली बघत होते. कारण पैसे अजून दिलेही नव्हते, आणि ते किती ठरलेत हे मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं.

‘पैसे नका देऊ,’ मामा शांतपणे म्हणाले. ‘पन मी नेनार नाय.’ आणि वाटेला लागले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

लुआंग्वात गाइड ‘फिर’ म्हणाला असता तर आम्ही फिरलो असतो. त्याच्यापुढे बंदूक असते म्हणून नव्हे, तर त्याच्या शब्दाचे आम्ही डॉलर मोजलेले असते म्हणून. इथे तोच शब्द आम्हाला हजार रुपयांत मिळाला होता, त्यामुळे वाटाघाटी करता येतील असं वाटलं. आम्ही चौघं त्या काठावर किती वेळ उभे होतो? अर्धा मिनिट असेल. रूममेट आधी वळली, मग मी. शेवटी डब्लिनकर.

देवळापाशी पोचेस्तोवर पाऊस कोसळायला लागला होता. मागून ओढ्याचा आवाज येत होता, आधी नव्हता असा, ट्रक चढावर असल्यासारखा. मामांनी आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. दोन तास. खाली उतरताना वाटेत एक ओहोळ होता, सकाळी येताना कुणाच्या लक्षातही न आलेला. तो आता गुडघ्यापर्यंत होता आणि ओढत होता. मामा मधे पाय रोवून उभे राहिले आणि एकेकाला हाताला धरून पार केलं. डब्लिनकराला शेवटी. पलीकडे गेल्यावरही त्याने मामांचा हात जरा वेळ सोडला नाही.

दोन आठवड्यांनी, ३० जूनला, लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, एकमेकांना धरून पाण्याच्या मधोमध उभी असलेली माणसं. ग्रुपवर तो आला, आणि बराच वेळ कुणी काही टाइप केलं नाही.

आम्ही मामांना २००० दिले. त्यांनी मोजले आणि ५०० परत केले. ‘पंधराशे सांगितले होते मी,’ म्हणाले.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. लोकलने कर्जत किंवा नेरळ, तिथून कशेळेमार्गे खांडस. एसटी कमी आहेत, रिक्षा किंवा स्वतःची गाडी बरी. चालायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. काजव्यांसाठी जूनचा पहिला पंधरवडा, पण मग घाटाचा मोह सोडा, गावातच राहा. दोन्ही एकदम करायला जाऊ नका, आमचं झालं ते वाचलंतच. निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासनाने बंदी आदेश काढलेत, आणि ते कागदावर राहावेत म्हणून काढलेले नाहीत. टॉर्चला लाल कागद लावा. डीओ मारू नका. आणि माणूस गावातलाच घ्या. त्याचे पैसे तो सांगेल तेवढे, घासाघीस फॅशन स्ट्रीटसाठी राखून ठेवा.

शेकरू आम्ही अजून पाहिलेलं नाही. या दिवाळीत डब्लिनकर सुट्टीवर येतोय. मी मामांना फोन केला. म्हटलं, मामा, चौघं येतोय, किती घ्याल? १५०० च म्हणाले. मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, २५०० घ्या.

‘ते बघू,’ मामा म्हणाले. ‘आधी पाऊस तर जाऊ दे.’